विरोध नोंदलेला नाही

अध्यक्षांचा चष्मा गाडीत राहिला, म्हणून हे सगळं झालं. एरवी त्यांचा टॅबलेट तिच्या हातात येण्याचं काही कारणच नव्हतं. विश्वस्तांच्या सभेला अजून अवकाश होता. ते तिच्या खोलीच्या दारात आले आणि तिच्याकडे न बघताच म्हणाले, "सचिवबाई, एवढी अक्षरं मोठी करून द्या हो. पाच मिनिटांत नजर टाकून घेतो." तिनं दोन बोटांनी अक्षरं मोठी केली. मोठी झाली म्हणून ती वाचली गेली. तिनं काही मुद्दाम डोकावून बघितलं नाही, आणि बघितलं असतं तरी तिला त्याची लाज वाटली नसती. वर मथळा होता, आजच्या सभेची तयारी. त्याखाली विषय आणि विषयांखाली माणसं. खजिनदार व्यवहार्य सूचनांसाठी ओळखले जातात, त्यांना बोलू द्या. ज्येष्ठ सर्जन लांबण लावतात, त्यांचे आभार आधीच माना. आणि अगदी तळाशी, पाहुणे जेवून गेल्यावर उरलेलं पातेलं पुसून घ्यावं तशी, ती. 'सचिव. इतिवृत्त लिहितात. आजवर एकाही विषयावर मत नोंदवलेले नाही. विरोधाची शक्यता नाही.' तिनं टॅबलेट परत केला. "झालं?" ते म्हणाले. "झालं," ती म्हणाली. "फार सोय झाली बघा या एआय सहायकामुळे. पूर्वी तुमची ती जाडजूड टिपणं यायची, कोण वाचतंय?" ते हसले, आणि वीस-बावीस वर्षांच्या सवयीनं तीही हसली. नंतर दिवसभर तिला जास्त राग आला तो स्वतःच्या त्या हसण्याचा.

ते गेल्यावर ती खुर्चीत बसली आणि उठली आणि पुन्हा बसली. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती अशी पायऱ्यापायऱ्यांनी जाते हे तिला ठाऊक नव्हतं. आधी कान तापले. मग बोटांना काही सुचेना, त्यांनी टाचण्यांची डबी उगाच उघडली आणि मिटली. विरोधाची शक्यता नाही. हे कुणी तिच्या पाठीमागे म्हटलं असतं तर तिनं खांदे उडवले असते. माणसं काय, बोलतातच. पण हे कुणी म्हटलंच नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी इस्पितळाच्या विश्वस्त मंडळानं हा एआय सहायक घेतला, संगणकवाल्यानं तिच्याकडून जुनी सगळी इतिवृत्तं मागून नेली, एकेक पान त्यात भरलं, आणि आता तो प्रत्येक सदस्याला सभेआधी पाच मिनिटांत तयार करून देई. काय विचारायचं, कुणाला काय म्हणायचं, कुठे हसायचं. म्हणजे त्यानं जे वाचलं ते तिनंच लिहिलेलं होतं. तिच्याच वाक्यांतून त्यानं तिला शोधलं होतं आणि ती त्याला सापडली नव्हती. त्याच्यावर तरी काय चिडायचं? त्याच्या पानात जे वाढलं ते तो मुकाट्यानं जेवला. पण राग कुणावर तरी निघायला हवा असतो, आणि तो भिंतीवर निघत नाही, टाचण्यांवर निघत नाही.

आणि शिवाय तो तिसरा विषय. तो तिनं शेवटी वाचला होता, अध्यक्षांचा हात टॅबलेटला लागता लागता. तळमजल्यावरील नातेवाइकांच्या खोलीच्या जागी तपासणी केंद्र उभारणे. 'हा विषय पूर्वी एकदा आला होता. प्रशासकीय कारणास्तव पुढे ढकलला. विरोध नोंदलेला नाही. अपेक्षित वेळ, चार मिनिटे.' ती खोली आज जाणार होती. चार मिनिटांत. आणि 'प्रशासकीय कारणास्तव' हे शब्द तिचे होते, तिच्या हातचे, तिच्या वळणदार अक्षरातले. त्या वेळी ते लिहिताना तिला केवढं समाधान वाटलं होतं, किती नीटनेटकं झाकलं आपण सगळं.

झाकायला तिला आधीच्या सचिवांनी शिकवलं होतं. बुटका, गोरापान, सदा सुपारी चघळणारा माणूस. पहिल्या दिवशी त्यानं तिला सभागृहात नेलं आणि विचारलं होतं, "हे टेबल बघितलंस? कधी बोलतं का? आपणसुद्धा टेबल. त्यांनी आपल्यावर कोपरं टेकायची, आपण हलायचं नाही." ती म्हणाली होती, "आणि कुणी चुकीचं बोलत असेल तर?" तो हसला. "तर बोल की. जरूर बोल. पण आपलं आपण लिहायचं नाही. लिहिणाऱ्यानंच आपलं नाव घातलं की फुशारकी दिसते." तिला ते पटलं होतं. त्यात एक घरंदाजपणा वाटला होता, स्वयंपाक करणाऱ्यानं शेवटी जेवावं तसला. आणि ती बोलली होती, नाही कशी? जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा हवा, कारण अर्धांगाच्या रुग्णाचा एकच हात चालतो आणि उतरताना तो नेमका दुसऱ्या बाजूला येतो, हे तिनं सांगितलं होतं. औषधांच्या खिडकीपाशी बसायला बाक हवा हे तिनं सांगितलं होतं. ती बोले, मग खजिनदार घसा साफ करून तेच वाक्य जरा जाड आवाजात म्हणत आणि सगळे माना डोलावत. ती लिही, 'खजिनदारांनी सूचना केली.' म्हणून आज खजिनदार व्यवहार्य सूचनांसाठी ओळखले जातात. तिला एकटीलाच खुदकन हसू आलं. इतकी वर्षं ती त्या माणसाला घडवत होती, ओळीओळीनं, फुकट.

पण कठडा वेगळा आणि ती खोली वेगळी. त्या खोलीतूनच ती या नोकरीत आली होती. तिचा नवरा नकाशे काढायच्या कचेरीत होता. जमिनीची मोजणी करताना तो एका अर्धवट बांधलेल्या भिंतीवर चढला आणि खाली आला, एवढंच. तसं फार उंचही नव्हतं. डोक्याला मार लागला आणि तो या इस्पितळात दुसऱ्या मजल्यावर झोपून राहिला, डोळे अर्धवट उघडे, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे. वर बसू देत नसत. दिवसातून दोनदा, थोडा वेळ. उरलेला सगळा दिवस त्या तळमजल्यावरच्या खोलीत. लांबलचक बाकं, त्यांचं रेक्झिन उसवलेलं, खिडकीबाहेर इस्पितळाच्या धुलाईघरातून येणारी साबणाची वाफ. तिथे कुणी कुणाचं नाव विचारत नसे. वरच्या खाटेवरून माणसं ओळखली जात. खिडकीवाल्यांची आई, दारापाशीवाल्यांचा भाऊ. ती होती कोपऱ्यातल्यांची. 'कोपऱ्यातल्या, जेवून घ्या, वरच्या हाकेला मी कान देऊन बसते,' असं कुणीतरी म्हणे, आणि खरोखरच कान देऊन बसे, आपल्या माणसासाठी बसावं तितक्याच एकाग्रतेनं. कुणाचा कंगवा कुणाच्या हातात असे. कुणी वरून खाली आलं की सगळे त्याच्याकडे बघत आणि कुणी काही विचारत नसत. त्याला सांगावंसं वाटेपर्यंत थांबायचं, अशी तिथली रीत होती. तिची लेक तेव्हा शाळेत जायची. ती तिथेच गृहपाठ करायची, तिथेच आईच्या मांडीवर झोपायची. डॉक्टर लोकांना वाटे, ही माणसं इथे काय करतात? काही करत नव्हती. माणूस वर असताना आपण त्याच्या खाली असणं, एवढंच काम त्यांच्या हाती उरलेलं होतं आणि ते ती करत होती.

तो गेला तेव्हा भर दुपार होती, उन्हाची. परिचारिका जिन्याच्या तोंडाशी आली, तिनं काही म्हणायच्या आत ती पायऱ्या चढायला लागली होती. दोन जिने. तिनं त्याचा हात धरला तेव्हा तो गरम होता. तिच्या हातात तो हळूहळू निवत गेला आणि ती ते सगळं होईपर्यंत तिथे होती. पुढे इस्पितळानंच तिला कामावर घेतलं, आणि किती तरी वर्षं, भाजी चिरताना, बसमध्ये लोंबकळताना, ती त्या गोष्टीला मनातल्या मनात हात लावून येई. घरी असते तर फोन आला असता. वाहन मिळवा, दाटीतून वाट काढा. पोचेपर्यंत नुसता गार हात. लोक म्हणत, काय फरक पडतो, तो तर गेलेलाच होता. त्यांना ती काय सांगणार? सगळा फरक तिथेच होता. तिच्या सबंध संसारातला शेवटचा ऊबदार क्षण तिला मिळाला तो केवळ दोन जिने खाली एक खोली होती म्हणून.

हे तिनं त्या सभेत सांगितलं होतं. तेव्हाचे अध्यक्ष वेगळे होते, आता ते हयात नाहीत. विषय हाच, खोली काढून तिथे काही तरी करायचं. सगळे हो म्हणायच्या बेतात होते, आणि ती लिहिता लिहिता थांबली आणि बोलायला लागली. बारा पुरुषांसमोर, पेन हातात तसंच धरून. नवऱ्याचा हात, त्याचं निवणं, सगळं. अशी गोष्ट तिनं सख्ख्या बहिणीला सांगितली नव्हती. ज्येष्ठ सर्जनांनी, तेव्हा ते इतके ज्येष्ठ नव्हते, चष्मा काढला आणि रुमालानं पुसायला लागले, काचा स्वच्छ झाल्या तरी पुसत राहिले. मग म्हणाले, "हा विषय आज नको. हा विषय नकोच." आणि तो नाही झाला. घरी येऊन तिनं इतिवृत्त लिहायला घेतलं. पेन 'सचिवांनी' या शब्दापाशी अडलं. आपलं आपण लिहायचं नाही. नवऱ्याचा हात तर मुळीच नाही, तो काय फायलीत लावायचा? प्रशासकीय कारणास्तव, तिनं लिहिलं, आणि पान उलटलं.

तिनं लेकीला फोन लावला. लेक दुसऱ्या शहरात मोठ्या हुद्द्यावर, दिवसभर बैठका. "आई? या वेळी? बरी आहेस ना?" "मी बरी आहे. एक विचारू का गं, तुमच्याकडे आहे का तो सहायक?" "आहे की. त्याच्याशिवाय जमणारच नाही. पाठोपाठ बैठका असतात, कोण कुठला, मागे काय ठरलं, सगळं तो दारातच हातात देतो." गेले काही रविवार तिला एक शंका येत होती. लेकीचे प्रश्न अलीकडे फार शिस्तीत यायला लागले होते. गुडघा कसा आहे, मग दाताचं काय झालं, मग शेजारच्या काकूंचं मांजर सापडलं का. एकही विसरत नसे. पूर्वीची लेक अर्धं विसरायची आणि मधेच तिसरंच काहीतरी सांगत सुटायची. "तू मला फोन करण्याआधी त्याला विचारतेस का?" तिनं विचारलं. मग लेक म्हणाली, "अगं, त्यात काय एवढं? डोक्यात काही राहत नाही माझ्या. तुला वाईट वाटू नये म्हणूनच तर." "मांजर सापडलं म्हणून मागच्याच्या मागच्या रविवारी सांगितलं होतं मी." "सापडलं? मग त्यानं ते नोंदलं नसेल." "तू होतीस ना फोनवर?" ती म्हणाली. आवाज चढला होता, तो तिला खाली आणता येईना. "तो होता का तू होतीस?"

लेक रागावली नाही, हे त्यातल्या त्यात बरं. म्हणाली, "काय झालंय ते सांग बघू आधी." तिनं खोलीचं सांगितलं. लेक वेगळ्याच, लहानपणच्या आवाजात म्हणाली, "तिथला नळ गळायचा. त्या खिडकीवाल्या आज्जींनी नळाला चिंधी बांधली होती, खालपर्यंत लोंबणारी, म्हणजे पाणी तिच्यावरून उतरायचं आणि आवाज व्हायचा नाही. मला झोप लागावी म्हणून. आठवतंय तुला?" तिला आठवत नव्हतं. ती चिंधी तिनं बघितलीही असेल, पण तिच्या डोक्यात तेव्हा दुसरा मजला होता. लेकीनं मात्र ती चिंधी इतकी वर्षं जपून ठेवली होती आणि ती कुठेच नोंदलेली नव्हती. "बोल तू आज," लेक म्हणाली. "बाबांचं सांग त्यांना." "सांगितलंय एकदा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सभागृहात टेबलाच्या मधोमध वाटीएवढं एक काळं यंत्र होतं, त्याच्या कडेला हिरवा दिवा. आता ऐकून इतिवृत्त लिहायचंही तेच. तिनं फक्त शेवटी सही करायची. तिची खुर्ची मात्र जागच्या जागी, अध्यक्षांच्या डाव्या हाताला. सदस्य आले, बसले, प्रत्येकानं आपापल्या टॅबलेटचा पडदा उघडून पुढ्यात टेकवला. काय सुरेख चाललं होतं सगळं. कुणी अडखळत नव्हतं. अध्यक्षांनी सर्जनांचे आभार मानले, सर्जनांना बरं वाटलं आणि त्यांनी लांबण लावलं नाही. खजिनदारांनी आकडा विचारला, तो अध्यक्षांच्या तोंडात तयारच होता. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं, तिसऱ्यानं छान म्हणायचं. सगळ्यांना एकाच मास्तरनं एकच धडा पाठ करून पाठवलं होतं आणि कुणाच्या घरी कुणी पुस्तक उघडलेलं नव्हतं. पूर्वी ती एकेकाकडे टिपण घेऊन जायची. त्यांच्या ओसरीत ताटकळायची, त्यांच्या नातवंडांना खेळवायची, आणि मग ते वैतागून म्हणायचे, हे काय भलतंच, असं का म्हणून? त्या वैतागातूनच तर काही तरी निघायचं. आता कुणाला काही भलतं वाटत नव्हतं. तिच्या हातात पेन होतं आणि पुढे कागद नव्हता.

"विषय तीन," अध्यक्ष म्हणाले. "हा चार मिनिटांचा आहे." दोघंतिघं हसले. भिंतीवर चित्र आलं, चकचकीत फरशी, काचेची दारं, आणि नातेवाईक म्हणून एक हसतमुख जोडपं, सोफ्यावर घरी बसलेलं, फोनकडे बघत. दर तासाला रुग्णाची खबर थेट हातात. कुणी बाकावर ताटकळायचं कारण नाही. खजिनदार म्हणाले, "म्हणजे ही सुधारणाच आहे. माणुसकीच्या दृष्टीनंसुद्धा." माणुसकी हा शब्द त्यांच्या पडद्यावर असणार, एरवी त्यांच्या तोंडी तो यायचा नाही. "मागे एकदा येऊन राहिलेला विषय आहे," अध्यक्ष म्हणाले, "विरोध कुणाचाच नव्हता. तर मग..."

"होता," ती म्हणाली.

अध्यक्षांनी आवाज कुठून आला म्हणून आधी दरवाजाकडे बघितलं. "कुणाचा?"

"माझा."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. तिला वाटलं, ओशाळले. पण ते ओशाळले नव्हते, पडदे बघत होते. बोटं वरखाली फिरत होती. त्यांच्यासमोर ती बसलेली असताना तिला दुसरीकडेच शोधणं चाललं होतं. "इथे तसं काही दिसत नाही," खजिनदार म्हणाले. "मी लिहिलं नाही म्हणून दिसत नाही," ती म्हणाली. "पण मी बोलले होते. डॉक्टर होते तेव्हा." तिनं सर्जनांकडे बघितलं. "डॉक्टर, तुमच्यामुळे तर विषय थांबला. तुम्ही चष्मा काढून किती तरी वेळ पुसत बसला होतात." सर्जनांचे डोळे तिच्या तोंडावर येऊन थांबले. त्यांना काही तरी अंधुक दिसलं असावं, कपाळाला आठी पडली. आणि तेवढ्यात त्यांचं बोट, त्यांच्या नकळत, पडद्याकडे गेलं. ते वाचायला लागले. वाचता वाचता आठी मिटली. "असेल बुवा," ते सौम्यपणे म्हणाले. "माझं वय झालं आता. पण रेकॉर्डला प्रशासकीय कारण आहे." ते खोटं बोलत नव्हते. तेच तिला असह्य झालं. खोटं बोलणाऱ्याशी भांडता येतं. या भल्या माणसाच्या डोळ्यांत एकदा पाणी आलं होतं, आणि आता त्याला स्वतःच्या डोळ्यांपेक्षा तिनं लिहिलेला एक शब्द खरा वाटत होता.

"हरकत नाही," अध्यक्ष मोठ्या मनानं म्हणाले. "आता सांगा ना. काय म्हणणं होतं तुमचं? थोडक्यात."

थोडक्यात. तिनं तोंड उघडलं. नवऱ्याचा हात जिभेवर आला, दुपारचा, निवत चाललेला. समोर वाटीचा हिरवा दिवा तिच्याकडे वळल्यासारखा जरा जास्त उजळला. ते वाक्य पुढे कसं होणार हे तिला आधीच दिसलं, कारण असली वाक्यं आयुष्यभर तिनंच घडवली होती. 'सचिवांनी वैयक्तिक अनुभव मांडला. मंडळाने सहानुभूती व्यक्त केली.' पुढच्या खेपेला कुणा अध्यक्षांच्या तयारीत एक ओळ वाढेल, नवऱ्याचा उल्लेख करतात, ऐकून घ्या. तिनं तोंड मिटलं. नाही. एकदा दिला तो हात तुम्हाला, सगळ्यांसमोर, आणि तुम्ही तो कुठे ठेवलात हे तुम्हालाच माहीत नाही. पुन्हा पुन्हा काढून दाखवायला तो काय नमुन्याचा तुकडा आहे? इतका संताप तिला कधी आला नव्हता, नवरा गेला तेव्हाही नाही. तेव्हा संतापायला कुणी समोर नव्हतं.

ती उठली. "सभेचं स्थळ ठरवणं हे सचिवाचं काम आहे," ती म्हणाली, "ते अजून माझ्याकडेच आहे. विषय तीनचं स्थळ बदललंय. खाली चला." "खाली कुठे?" "ज्या खोलीचा विषय आहे त्या खोलीत. तुमच्यापैकी कुणी बघितलीये?" "अहो पण हे मशीन?" खजिनदारांनी वाटीकडे बोट दाखवलं. "त्याला राहू दे इथेच." ती दार उघडून उभी राहिली. ते येतील असं तिला वाटलं नव्हतं. पण इतकी वर्षं इथे सही करा, इकडून या, गाडी मागच्या दाराला लावलीये, असं ती सांगत आली होती आणि ते ऐकत आले होते. पायांना सवय होती. आधी सर्जन उठले, मग खुर्च्या सरकल्या. "चार मिनिटांचा विषय आणि काय हे," कुणीतरी पुटपुटलं. अध्यक्षांनी टॅबलेट काखेत घेतला. लिफ्टमध्ये सगळे मावेनात, म्हणून ते जिन्यानं निघाले, एकामागून एक, आणि ती पुढे. पावलापावलाला तिचा राग आता पाठीशी उभा राहिल्यासारखा वाटत होता. या वेळी तरी बघतील. बघितलं की कळेल.

तिनं खोलीचं दार ढकललं आणि बाजूला झाली. आत पंधराएक माणसं होती. कुणी भिंतीला टेकून पेंगत होतं, एकीचा कंगवा शेजारणीच्या मुलीच्या केसांत अडकला होता, एक म्हातारा बाकावर पाय वर घेऊन सफरचंद कापत होता. सदस्य आत आले, दोघं, चौघं, सगळे, पांढरे शर्ट, गळ्यात ओळखपत्रं, सर्जनांचा पांढरा कोट. आणि सगळी खोली उभी राहिली.

कुणी कुणाला खूण केली नाही. पेंगणारा उभा राहिला, कंगवा तसाच केसांत सोडून ती बाई उभी राहिली, म्हाताऱ्यानं एका पायात चप्पल सरकवली आणि दुसऱ्या पायाला ती सापडेना. या दारातून एवढी पांढऱ्या कपड्यांतली माणसं एकदम आत येण्याचं इथे एकच कारण असतं. हे तिला कळायला हवं होतं. बाकी कुणाला नाही तरी तिला. इथे बसली होती ती, या दाराकडे बघत. संतापाच्या भरात तिनंही या माणसांना न विचारता कामाला लावलं होतं, आपला मुद्दा म्हणून.

"कुणाचं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

अध्यक्षांना प्रश्न कळला नाही. "काय कुणाचं?" ते म्हणाले. म्हातारा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला, हातातली सुरी तशीच. बाकीची माणसं एकमेकांकडे बघत नव्हती. एवढ्यातच ज्याच्या त्याच्याभोवती रिकामी जागा झाली होती. मग सर्जन पुढे झाले. "कुणाचंही नाही," ते म्हणाले. "सगळे बरे आहेत वर. कुणाला काही झालेलं नाही. बसा तुम्ही." कुणी बसलं नाही. सर्जनांनी चष्मा काढला आणि तो नुसता हातात धरून ते उभे राहिले.

"काही झालं नाही?" कंगवावाल्या बाईनं विचारलं. तिचे ओठ अजून पांढरे होते. "मग एवढे सगळे कशाला आलात?"

अध्यक्षांनी काखेतला टॅबलेट पुढे घेतला, त्याच्याकडे बघितलं. मग त्यांनी सचिवबाईंकडे बघितलं, अशा वेळी गेली कित्येक वर्षं बघत आले तसं, मान किंचित तिच्या बाजूला कलती करून. वाक्य तिच्या तोंडात होतंही. सभ्य, कुणाला न लागणारं, दोन्हीकडची लाज राखणारं. असली वाक्यं तिला झोपेतही सुचत.

"सांगा ना," ती म्हणाली. "मी नाही सांगणार. कशाला आलात ते तुम्ही सांगा यांना."